ॲपेटाइट: फसवा दगड ओळखायचा कसा, वापरायचा कसा

माझ्या टेबलाच्या खणात दोन हिरवे दगड शेजारी शेजारी पडलेले असतात. एक काही वर्षांपूर्वी एका खनिज-प्रदर्शनातून हौसेने घेतलेला. त्याच्या बुडाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर निळ्या शाईत ‘ग्रीन ॲपेटाइट, पुणे’ असं लिहिलंय. दुसरा मळकट हिरवा, अंगठ्याएवढा, आंध्रातल्या विशाखापट्टणमजवळच्या काशीपट्टणम भागातला, मित्राने दिलेला. पहिला दिसायला इतका देखणा की आलेल्या-गेलेल्याला मी तोच आधी दाखवायचो. घर बदलताना तो फरशीवर पडला आणि त्याचा एक पापुद्रा सरळ, सपाट सुटून आला. सुटलेल्या जागी मोत्याच्या शिंपल्यासारखी झाक होती. ॲपेटाइट असा कधी फुटत नाही. तो दगड होता अ‍ॅपोफिलाइट, आपल्या दख्खनच्या पाषाणातल्या पोकळ्यांत मिळणारं वेगळंच खनिज. नावं सारखी वाटतात, रंग सारखा असू शकतो, पण रसायनाशी रसायन जुळत नाही.

फसलो त्याचं फार वाईट वाटून घेतलं नाही, कारण या खनिजाचं नावच मुळी ‘फसवणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलंय. जर्मन खनिजतज्ज्ञ आब्राहाम गॉटलोब वेर्नर यांनी १७८६ मध्ये हे नाव दिलं, कारण त्यांच्या आधीचे लोक याला कधी बेरिल समजत, कधी टुर्मलीन, कधी आणखी काही. गंमत अशी की हा दगड फक्त संग्राहकाला फसवत नाही, खताच्या गोणीत शिरला की शेतकऱ्यालाही फसवतो. दोन्हीकडे फसायचं कसं नाही, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी त्याची घडण समजून घ्या

ॲपेटाइट हे एकच खनिज नाही, ते एक घराणं आहे. कॅल्शियमचे पाच अणू, फॉस्फेटचे तीन गट आणि शेवटी एक रिकामी खुर्ची, असा त्याचा साचा. त्या खुर्चीत फ्लुओरीन बसला की फ्लुओरॲपेटाइट, क्लोरीन बसला की क्लोरॲपेटाइट आणि हायड्रॉक्सिल बसला की हायड्रॉक्सिॲपेटाइट. निसर्गात खडकांमध्ये सगळ्यात जास्त भेटतो तो फ्लुओरीनवाला. आपल्या दातांत आणि हाडांत असतो तो साधारण हायड्रॉक्सिलवाला, तोही थोडा कार्बोनेट मिसळलेला. खुर्चीत कोण बसलंय यावर पुढे बरंच काही ठरतं, म्हणून हे लक्षात ठेवा.

स्फटिक षट्कोणी प्रणालीचे. म्हणजे चांगला वाढलेला स्फटिक सहा बाजूंच्या पेन्सिलीसारखा, टोकाला कधी चपटा तर कधी बुटक्या मनोऱ्यासारखा. कठिनता, म्हणजे चरा न पडू देण्याची ताकद, एक ते दहाच्या मापात ५. मोहस्‌च्या कठिनता-श्रेणीत पाचव्या जागेचा मानकरी हाच. विशिष्ट गुरुत्व ३.१ ते ३.२ च्या आसपास. चमक काचेसारखी, फुटलेल्या जागी किंचित राळेसारखी. कस, म्हणजे पुडीचा रंग, पांढरा. पाटन, म्हणजे सपाट पापुद्र्यांत सुटणं, नावापुरतं; भंग, म्हणजे तुटलेली जागा, शंखाभ (शिंपल्यासारखी वळणदार) किंवा खडबडीत. रंगाबद्दल मुद्दाम काही सांगत नाही; हिरवा, निळा, पिवळा, जांभळा, तपकिरी, बिनरंगी, सगळे असतात, आणि तिथेच फसगत होते.

ओळखण्याच्या पायऱ्या

सामान फार लागत नाही. दहापटीचं भिंग, एक तांब्याची जाड तार, जुना पोलादी चाकू, खिडकीच्या काचेचा तुकडा, सराफांकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, शिवणाचा दोरा आणि पाण्याचा प्लॅस्टिकचा पेला. काटा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. हौस असेल तर हा एक खर्च कराच, बाकी सगळं घरात आहे.

पहिल्यांदा भिंगातून नुसतं बघा. सहा बाजू मोजा. आडवा छेद दिसत असेल तर तो षट्कोनी आहे का, की टुर्मलीनसारखा फुगीर बाजूंचा त्रिकोण? टुर्मलीनच्या अंगावर उभ्या रेघाही खूप असतात. दगड कुठे तुटला असेल तर ती जागा निरखून पाहा. सपाट आरशासारखे पापुद्रे सुटलेले दिसले तर ॲपेटाइटवर काट मारायला हरकत नाही. कॅल्साइट तिरप्या चौकोनी तुकड्यांत सुटतो, फ्लुओराइटचे कोपरे त्रिकोणी कापल्यासारखे उडतात, अ‍ॅपोफिलाइट थाळीसारखा आडवा सुटतो. हे मला पाच मिनिटांत कळायला हवं होतं. मी रंग बघत बसलो.

मग कठिनता. दगडाच्या मागच्या, न दिसणाऱ्या कडेवर चाचणी घ्या. तांब्याची तार साधारण ३ कठिनतेची, तिने ॲपेटाइटवर चरा उमटत नाही. चाकूचं पातं आणि खिडकीची काच दोन्ही साडेपाचच्या आसपास. चाकूने जोर लावला तर ॲपेटाइटवर बारीक चरा पडतो. उलट ॲपेटाइटने काच ओरबाडली जात नाही, दगडच झिजून काचेवर पांढरी भुकटी बसते. इथे एक चूक सगळे करतात: रेघ दिसली की चरा पडला असं समजतात. ओल्या बोटाने पुसा. पुसली गेली तर ती भुकटी होती, राहिली आणि नखाला लागली तर चरा. बेरिल आणि टुर्मलीन काचेला सहज ओरबाडतात, त्यामुळे ही एक चाचणी त्या दोघांना बाहेर काढते. ग्रॅनाइटच्या फरशीच्या कापलेल्या तुकड्यात जे गुलाबी खनिज असतं ते फेल्डस्पार, कठिनता ६. त्याने ॲपेटाइटवर चरा पडायला हवा. आणि गुजरातेतल्या अंबाडुंगरचा एखादा फ्लुओराइटचा तुकडा संग्रहात असेल तर त्यावर ॲपेटाइटने चरा पडला पाहिजे, कारण तो ४ चा.

तिसरी पायरी वजनाची, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची. आधी दगड कोरडा तोला. समजा १२.७० ग्रॅम भरला. आता पेल्यात अर्ध्याहून जास्त पाणी घेऊन पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. दगडाला दोरा बांधून तो हातात धरून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा दिसेल तो दगडाने सारलेल्या पाण्याचं वजन. समजा ४.०० आला. १२.७० भागिले ४.०० म्हणजे ३.१८. हे ॲपेटाइटला शोभणारं आहे. त्याच आकाराचा अ‍ॅपोफिलाइट असता तर कोरडं वजनच साडेनऊ ग्रॅमच्या आत भरलं असतं आणि उत्तर २.३५ च्या आसपास आलं असतं. काच साधारण २.५, क्वार्ट्झ २.६५, कॅल्साइट आणि बेरिल २.७ च्या घरात. दगडाला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने पुसून टाका, नाहीतर शेवटचं उत्तर खाली घसरतं. दगड दुसऱ्या खडकात रुतलेला असेल तर ही चाचणी फसेल, कारण तुम्ही दोघांचं मिळून वजन करताय.

आता नेमकी इथेही एक मेख आहे. फ्लुओराइटचं विशिष्ट गुरुत्वही ३.१८ च आहे, आणि टुर्मलीनचं याच पट्ट्यात पडतं. म्हणजे एकट्या काट्यावर विसंबलात तर पुन्हा फसाल. काटा आणि चाकू दोघांचं एकमत झालं पाहिजे. वजन ३.१८ आणि चाकूला कष्टाने चरा पडतोय, तांब्याला अजिबात नाही: ॲपेटाइट. वजन तेच पण चाकूने लोण्यासारखा चरा: फ्लुओराइट. वजन तेच आणि दगडानेच काच कापली: टुर्मलीन.

चौथी चाचणी आम्लाची. विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब कॅल्साइटवर टाकला की सोड्यासारखा फसफसतो, ॲपेटाइटवर टाकला तर काही होत नाही. तो हळूहळू, गुपचूप विरघळतो. गाळाच्या फॉस्फोराइटमध्ये (समुद्राच्या गाळातून बनलेल्या फॉस्फेटच्या खडकात) मात्र कार्बोनेट मिसळलेलं असतं, त्यामुळे तिथे थोडे बुडबुडे येऊ शकतात. तेवढ्यावरून त्याला बाद करू नका.

शेवटचा पुरावा हवा असेल तर मॉलिब्डेटची चाचणी. ही घरी करू नका. ओळखीच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, चष्मा-हातमोजे घालून. दगडाची चिमूटभर पूड विरळ नायट्रिक आम्लात विरघळवायची, त्यात अमोनियम मॉलिब्डेटचं द्रावण घालायचं आणि परीक्षानळी कोमट करायची. काही मिनिटांत हळदीसारखा पिवळा साका खाली बसू लागला की फॉस्फेट आहे. उकळू नका, कारण खूप तापवल्यावर आर्सेनेटही असाच पिवळा साका देतो. फॉस्फोराइट शोधत डोंगर तुडवणारे भूवैज्ञानिक हीच युक्ती बाटलीत घालून नेतात. खडकावर थेट थेंब टाकायचा आणि पिवळा डाग पडतो का पाहायचं. राखाडी चुनखडक आणि राखाडी फॉस्फोराइट नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसतच नाहीत, तिथे या डागाशिवाय गत्यंतर नसतं.

मिळतो कुठे

खरं सांगायचं तर ॲपेटाइट जवळजवळ सगळीकडे आहे, फक्त दिसत नाही. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात सुईसारखे त्याचे बारीक स्फटिक असतात. खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कळतात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशोबात साधारण ०.२ टक्के फॉस्फेट असतं. म्हणजे दहा टनांच्या ट्रकभर खडीत चाळीस-पन्नास किलो ॲपेटाइट फिरत असतो, पण काढून घेण्याजोगा नाही. महाराष्ट्रात कुणी मोठा, देखणा, हिरवा ‘ॲपेटाइट’ खाणीतून काढला म्हणून विकायला आणला तर आधी अ‍ॅपोफिलाइटचा संशय घ्या. पुण्यातल्या पाषाणच्या खाणी आणि राहुरीजवळचा मोमीन आखाडा त्या हिरव्या अ‍ॅपोफिलाइटसाठी जगभरच्या संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. अस्सल नमुने जवळून बघायचे असतील तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गाठा. एकदा तिथली मोत्यासारखी झाक डोळ्यांत बसली की पुन्हा गल्लत होत नाही.

मोठे साठे दोन प्रकारे तयार होतात. पहिला अग्निजन्य. अल्कधर्मी खडक आणि कार्बोनेटाइट नावाचे विचित्र, चुनखडीसारखे पण शिलारसापासून झालेले खडक यांत ॲपेटाइट गोळा होतो. रशियाच्या कोला द्वीपकल्पावरच्या खिबिनी पर्वतात तो इतका सापडला की आर्क्टिक वृत्ताच्या वर, बर्फात, १९२९ मध्ये त्यासाठी नवं गाव वसवलं गेलं. तेच आजचं किरोव्स्क. दक्षिण आफ्रिकेतलं फालाबोर्वाही याच जातीचं. आपल्याकडे झारखंडचा सिंगभूम पट्टा, बंगालमधल्या पुरुलियाचं बेलडीह, आंध्रातलं काशीपट्टणम आणि तमिळनाडूतलं सेवत्तूर ही नावं या यादीत येतात.

दुसरा प्रकार गाळाचा आणि खतासाठी तोच जगाचं पोट भरतो. समुद्राच्या तळाकडचं थंड, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी किनाऱ्याजवळ वर येतं, तिथे प्लवकांची झुंबड उडते, ते मरून तळाला साचतात, आणि त्या चिखलात फॉस्फेट सुटून कार्बोनेट मिसळलेल्या फ्लुओरॲपेटाइटच्या रूपाने दाणेदाणे जमतं. या खडकाला फॉस्फोराइट म्हणतात, व्यापारात रॉक फॉस्फेट. जगाच्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. तिथल्या खुरीबगा भागात १९२१ पासून खाणकाम चालू आहे. पॅसिफिकमधल्या नौरू बेटाचा आतला भाग मात्र या दगडापायी पोखरून टाकला गेला. फॉस्फेट काढून नेल्यावर उरले ते प्रवाळाचे नुसते सुळके.

भारतातला सगळ्यात नावाजलेला साठा उदयपूरजवळच्या झामरकोटड्याचा, १९६८ मध्ये हाती लागलेला. तो बघण्यासारखा आहे हे मी आग्रहाने सांगेन. दीड अब्ज वर्षांहून जुन्या उथळ समुद्रात नील-हरित जिवाणूंच्या थरांनी खांबांसारख्या रचना उभ्या केल्या, त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात, आणि फॉस्फेट नेमकं त्या खांबांत साठलं. फिकट डोलोमाइटमध्ये निळसर-राखाडी बोटं एकाशेजारी एक उभी असावीत तसा खडक दिसतो. खडकावर बोट ठेवून ‘हे फॉस्फेट, हे नाही’ असं दाखवता येतं, असं ठिकाण विरळाच. याशिवाय मध्य प्रदेशात झाबुआ आणि हिरापूर, उत्तर प्रदेशात ललितपूर आणि उत्तराखंडात मसुरी परिसरात फॉस्फोराइट आहे. तरी भारताची गरज यातून भागत नाही; कच्चं रॉक फॉस्फेट, फॉस्फोरिक आम्ल आणि तयार डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट हे खत) आपण मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो.

खाण-व्यापारातला एक शब्द इथेच सांगून टाकतो, कारण बोलण्यात तो आला की नवखा माणूस दचकतो. रॉक फॉस्फेटची प्रत ‘बीपीएल’मध्ये सांगतात. याचा दारिद्र्यरेषेशी संबंध नाही. ‘बोन फॉस्फेट ऑफ लाइम’, म्हणजे ‘हाडातल्या फॉस्फेटच्या चुन्या’वरून आलेलं ते जुनं माप आहे. फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या टक्क्यांना २.१८५ ने गुणलं की बीपीएल. म्हणजे ‘सत्तर बीपीएल’ माल म्हणजे साधारण ३२ टक्क्यांचा. शुद्ध फ्लुओरॲपेटाइट घेतला तरी टक्केवारी ४२ च्या पलीकडे जात नाही.

खताच्या गोणीतली फसगत

खनन होणाऱ्या फॉस्फेटचा बहुतांश भाग खताला जातो. आणि इथे ॲपेटाइट दुसऱ्यांदा फसवतो.

दुकानात दोन गोण्या शेजारी ठेवा. दोन्ही ५० किलोच्या. एक सिंगल सुपर फॉस्फेट, गोणीवर १६ टक्के स्फुरद (म्हणजे वरचं फॉस्फरस पेंटॉक्साइडच). दुसरी रॉक फॉस्फेट, गोणीवर १८ टक्के. आकडेमोड सोपी: पहिलीत ८ किलो स्फुरद, दुसरीत ९ किलो, वर दुसरी बहुधा स्वस्त. कुणीही दुसरी उचलेल. पण गोणीवरची बारीक अक्षरं वाचा. सुपरच्या आकड्यातला बहुतेक हिस्सा पाण्यात विरघळणारा आहे. रॉक फॉस्फेटवर लिहिलेला आकडा ‘एकूण’ आहे. त्या ९ किलोंतलं पाण्यात विरघळणारं जवळपास शून्य. तो दळलेला दगडच आहे, आणि दगड मुळांना पिता येत नाही.

मग तो कधीच वापरू नये का? वापरावा, पण जमीन बघून. त्याच्या पायऱ्या अशा.

आधी माती परीक्षणाचा कागद काढा आणि सामू (पीएच) बघा. ॲपेटाइट उघडण्याची किल्ली आम्ल आहे. जमीन आम्लधर्मी, सामू ६ च्या खाली असेल तर मातीच स्वतः त्या दगडाला कुरतडते. कोकणातली जांभ्याची तांबडी जमीन, सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडची जास्त पावसाची, या वर्गात बऱ्याचदा बसते. उलट विदर्भ-मराठवाड्यातली भारी काळी जमीन चुनखडीयुक्त, सामू साडेसात-आठच्या पुढे. तिथे आधीच कॅल्शियमची रेलचेल, त्यात कॅल्शियमचाच दगड टाकला तर तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. काळ्या रानात कापूस-सोयाबीनला नुसतं रॉक फॉस्फेट टाकणं म्हणजे पैसे मातीत पुरणं. शब्दशः.

दुसरं, पीक बघा. आम्ल जमिनीतही रॉक फॉस्फेट धिम्या गतीने सुटतं. आंबा, काजू, नारळ, सुपारी यांना वर्षानुवर्षं उभं राहायचंय, त्यांना ही गती चालते. तीन-साडेतीन महिन्यांच्या पिकाला सुरुवातीच्या पंधरवड्यातच स्फुरद लागतं, त्याला वाट बघायला वेळ नाही. त्याला सुपर किंवा डीएपी द्या.

तिसरं, बारकाई. चिमटीत घेऊन चोळा. पिठासारखं लागलं पाहिजे, रवाळ नको. दाणा जितका बारीक तितका आम्लाला भिडणारा पृष्ठभाग जास्त. आणि वरून फेकू नका. स्फुरद मातीत फारसं हलत नाही. मुळांच्या खोलीवर मिसळलं तरच उपयोग. झाडाच्या आळ्यात शेणखताबरोबर कालवून द्या.

चौथं, त्याच हंगामात जमिनीला चुना देऊ नका. कोकणात सामू सुधारायला चुना देण्याचा सल्ला मिळतो, तो बरोबरच असतो, पण चुना आणि रॉक फॉस्फेट एकत्र म्हणजे कुलूप घालून किल्ली विहिरीत टाकणं.

काळ्या जमिनीवाल्यांसाठी एक वळसा आहे: कंपोस्टच्या खड्ड्यातून जायचं. शंभर किलो काडीकचऱ्याला साधारण १२ किलो रॉक फॉस्फेटची पूड धरा. काडीकचरा, त्यावर शेणकाला, त्यावर पूड, असे थर द्या. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं संवर्धक मिळालं तर तेही शिंपडा. मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागेल पण पाणी टपकणार नाही इतकाच ओलावा ठेवा, आणि तीन-चार आठवड्यांनी वरखाली करा. कुजताना सेंद्रिय आम्लं तयार होतात, तीच दगडाला पोखरतात. तीनेक महिन्यांनी काळं, मातीच्या वासाचं खत हाती येतं. याने सगळा दगड विरघळतो असं नाही, पण नुसत्या पुडीपेक्षा ते पिकाला नक्की जास्त पोचतं.

कारखान्यात हेच काम गंधकाच्या आम्लाने तासाभरात होतं. इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडचे जॉन बेनेट लॉझ यांनी १८४२ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं. दळलेल्या दगडावर सल्फ्युरिक आम्ल ओतलं की कॅल्शियम फॉस्फेट विरघळणाऱ्या रूपात येतं आणि बाकीच्या कॅल्शियमचं जिप्सम बनतं. ढीग काही आठवडे मुरू देतात, मग दाणे करतात. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये हे जिप्सम तसंच राहतं, म्हणून त्यातून पिकाला स्फुरदाबरोबर गंधकही मिळतं. भुईमूग-सोयाबीनसारख्या तेलबियांना डीएपीपेक्षा सुपर मानवतं म्हणतात ते यामुळे. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद एकाच गोणीत, पण गंधक नाही. फॉस्फोरिक आम्ल बनवताना जिप्सम वेगळं काढावं लागतं, आणि दर टन स्फुरदामागे साधारण पाच टन फॉस्फोजिप्सम उरतं. त्या कारखान्यांशेजारचे पांढरे डोंगर ते हेच. गाळाच्या फॉस्फेटमध्ये थोडं युरेनियम आणि कॅडमियमही येतं, त्यामुळे ते डोंगर नुसते कचरा म्हणून सोडून देता येत नाहीत.

बाकीचे उपयोग, भराभर

फॉस्फोरिक आम्लापासून साबण-चुऱ्यातली रसायनं, पशुखाद्य आणि कोलाची आंबट चव. दगड विजेच्या भट्टीत कोक आणि वाळूबरोबर तापवला की निव्वळ फॉस्फरस मिळतो. काडेपेटीच्या कडेचा तपकिरी खरखरीत पट्टा आहे ना, त्यात लाल फॉस्फरस असतो. विजेवर चालणाऱ्या पुष्कळ रिक्षा-स्कूटरमधल्या एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरीतल्या नावात ‘पी’ आहे तो फॉस्फेटचा. भूवैज्ञानिकांना त्याचा वेगळाच उपयोग: ॲपेटाइटमधल्या युरेनियमचे अणू फुटताना स्फटिकात बारीक ओरखडे उमटतात. सुमारे ११० अंशांपेक्षा जास्त तापमानात ते पुसले जातात. त्यामुळे ओरखडे मोजून एखादा खडक जमिनीच्या खोलातून वर कधी आला ते काढता येतं. पश्चिम घाटाची झीज कधी आणि किती झाली, याचा अभ्यास असाच झालाय.

रत्न म्हणून म्हणाल तर मादागास्करचा निळा-हिरवा ॲपेटाइट खरोखर सुंदर. मेक्सिकोतल्या दुरांगोचा पिवळा तर भिंगाखाली मधासारखा. पण कठिनता ५ म्हणजे अंगठीत घालून भांडी घासलीत की महिन्यात पैलू बोथट. पेंडंट किंवा कानातलं करा. सराफाला अल्ट्रासोनिक यंत्रात घालू देऊ नका, वाफेने धुऊ देऊ नका, साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ऑनलाइन ‘नीऑन ॲपेटाइट’च्या माळा घेताना एक मणी ॲसिटोन लावलेल्या कापसाने पुसून बघा. कापूस निळा झाला तर माळ परत. भिंगात गोल बुडबुडे दिसले तर ती काच.

आणि हो, सगळ्यात जवळचा ॲपेटाइट तुमच्या तोंडात आहे. दातावरच्या एनॅमलचा वजनाने सुमारे ९६ टक्के भाग खनिज. साखर खाऊन जिवाणू आम्ल सोडतात, सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की हायड्रॉक्सिॲपेटाइट विरघळायला लागतो. फ्लुओराइडची पेस्ट लावली की त्या रिकाम्या खुर्चीत फ्लुओरीन जाऊन बसतो. फ्लुओरॲपेटाइट सामू ४.५ पर्यंत तग धरतो. मोडलेलं हाड जोडताना किंवा कृत्रिम खुब्यावर जो थर देतात, तोही कृत्रिम हायड्रॉक्सिॲपेटाइटच.

मुलांना हे दाखवायचं असेल तर एक प्रयोग करा. कोंबडीच्या तंगडीचं हाड जेवणानंतर घासून स्वच्छ करा, काचेच्या बरणीत ठेवा, बुडेल इतकं साधं पांढरं व्हिनेगर ओता. दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. चार-पाच दिवसांनी हाड काढून धुवा आणि दोन बोटांत धरून वाकवा. रबरासारखं वाकतं. आतला ॲपेटाइट आम्लात गेला, राहिलं ते नुसतं कोलॅजन, म्हणजे हाडातलं प्रथिन. बारीक हाड घ्या, जाड घेतलंत तर आठवडा लागेल. आणि बरणीवर झाकण घट्ट ठेवा. आमच्याकडे पहिल्या खेपेला दुसऱ्याच दिवशी मांजराने बरणी कलंडून प्रयोग संपवला होता.